पाच पायऱ्यांची शिडी

आगगाडीच्या स्लीपर डब्यात शिरल्याबरोबर मुलांची पहिली लढाई कशावरून होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. वरचा बर्थ! खालचा आजी-आजोबांना, मधला ज्याला कुणी वाली नाही त्याला, आणि वरचा जो आधी चढेल त्याला. तिथं पंख्याजवळ मांडी ठोकून बसायचं, खाली चाललेल्या गप्पांवर नजर ठेवायची आणि चिवड्याचा डबा वर मागवून घ्यायचा. चढायला कडेला दोन-तीन लोखंडी दांड्या असतात. त्यांवर पाय टेकून तुम्ही सरसर वर जाता आणि आई खालून ओरडते, "अरे, जपून!"

आता असाच वरचा बर्थ एखाद्या मोटारीत असेल तर? आणि ती मोटार म्हणजे पाच-सहा दिवसांचं तुमचं घरच असेल तर?

२०२५ च्या सप्टेंबरात मी अशाच एका घरातून दक्षिण जर्मनीत हिंडून आलो. माझी ताई श्टुटगार्टला राहते. (हे शहर आणि आपली मुंबई १९६८ पासून 'भगिनी शहरं' आहेत बरं का!) ताई, दाजी, अकरा वर्षांची भाची, पाच वर्षांचा धाकटा भाचा, माझी आई म्हणजे मुलांची आजी, आणि मी. अशी सहा माणसं. एवढ्यांची हॉटेलं करायची तर खिसा फाटला असता. म्हणून दाजींनी भाड्यानं मोटारघर घेतलं. जर्मन भाषेत त्याला म्हणतात वोनमोबिल. 'वोनन' म्हणजे राहणं.

बाहेरून बघितलं तर सामानाच्या टेम्पोसारखीच गाडी. पण दार उघडून आत शिरा! दोन शेगड्या, बोटभर सिंक, फ्रिज, कपाटं, बाथरूम, मागच्या बाजूला एक पलंग. टेबल खाली सरकवलं आणि त्यावर गादी टाकली की दुसरा पलंग. आणि तिसरा? तो ड्रायव्हरच्या डोक्यावर! गाडीच्या पुढच्या टपावर एक भलंमोठं कपाळ बाहेर आलेलं असतं ना, ते उगीच नसतं. त्या कपाळात दोन माणसांचा बिछाना असतो. इंग्लंडात अशा बांधणीला लुटन म्हणतात, लुटन गावावरून. जर्मन लोक म्हणतात अल्कोव्हन. हा शब्द फिरत फिरत अरबीतून आलाय. मूळ शब्द 'अल-कुब्बा', म्हणजे घुमट. वर झोपलं की खरंच एखाद्या छोट्या घुमटात शिरल्यासारखं वाटतं. छत नाकापासून हातभर वर, बाजूला पुस्तकाएवढी खिडकी, आणि पडू नये म्हणून कडेला जाळी.

गाडी चालू असताना मात्र तिथं कुणी झोपायचं नाही. सगळ्यांनी खाली बसून पट्टे बांधायचे. शिडीही काढून, बांधून ठेवायची. नाहीतर ब्रेक दाबला की ती बाणासारखी पुढं येईल.

हो, शिडी! मी इतका वेळ तिच्याकडेच येत होतो.

भाचीनं महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, "वर मी झोपणार." धाकट्याचा प्रश्नच नव्हता. सहा वर्षांखालच्या मुलांना उंच बिछान्यावर झोपवू नये असा तिकडं सुरक्षेचा नियम आहे, तो घरात सगळ्यांना पाठ. पण भाचीचंही एक होतं. मार्चमध्ये सायकलवरून पडून तिचं डाव्या गुडघ्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, कुबड्या गेल्या, सपाटीवर ती छान चालायची. मात्र गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. चढू दे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक सूत्रही दिलं होतं : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वर जाताना सगळं शरीर उचलण्याचं काम चांगल्या पायानं करायचं, खाली येताना शरीर हळूच सोडण्याचं कामही त्यानंच करायचं. दुखऱ्यानं नुसतं सोबत यायचं.

पहिली रात्र उल्मजवळच्या एका मोटारतळावर. दाजींनी शिडी अडकवली. अॅल्युमिनियमची, चार गोल दांड्यांची, हलकी फूल. वरती दोन आकडे, ते बिछान्याच्या कडेच्या दांडीत अडकवायचे. पण आकडे होते जाड दांडीचे आणि आमच्या गाडीतली दांडी होती बारीक. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी दुसऱ्याच कुठल्या गाडीची शिडी आमच्या गळ्यात बांधली होती. पाय ठेवला की ती खडखड वाजायची आणि इंचभर डावी-उजवीकडे डुलायची.

भाचीनं उजवा पाय पहिल्या दांडीवर ठेवला. आता डावा पाय त्याच दांडीवर आणायचा. आणणार कुठं? तुमच्या-माझ्यासारखा माणूस शिडी चढतो तेव्हा एक पाय या दांडीवर, दुसरा पुढच्या दांडीवर. एका वेळी एका दांडीवर एकच पाऊल. सगळ्या शिड्या असंच धरून केलेल्या असतात. भाचीला मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं हवी होती. बोटाएवढ्या गोल नळीवर दोन अनवाणी पावलं शेजारी-शेजारी ठेवून बघा बरं कधी! तळव्याला कळ लागते, कारण सगळं वजन चिमूटभर जागेवर येतं. त्यात शिडी डुलतेय. दुसऱ्या दांडीवर ती थांबली. तोंड घट्ट मिटलेलं. दाजींनी तिला उचलून वर ठेवलं.

रात्री तिनं मला हलवलं. "मामा, बाथरूमला जायचंय." मग मी उतरलो, दाजींना उठवलं, ताई आधीच जागी होती, दाजींनी पोरीला खाली घेतलं, पुन्हा वर ठेवलं. पहाटे परत तेच. दुसऱ्या खेपेला ती हळूच म्हणाली, "मी काय पोतं आहे का?" कुणीच काही बोललं नाही.

सकाळी उल्मचं मोठं चर्च बघायला गेलो. त्याचा पाया घातला १३७७ साली आणि मनोरा पुरा झाला १८९० साली. म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं! मनोऱ्याची उंची १६१.५ मीटर. आम्ही गेलो तेव्हा ते जगातलं सगळ्यात उंच चर्च होतं. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या साग्राडा फमिलियानं त्याला मागं टाकलं. मनोऱ्याला ७६८ पायऱ्या आहेत. दाजी आणि धाकटा जमेल तितक्या चढायला गेले. आजीचे गुडघे आणि भाचीचा गुडघा खाली चौकात बसले. मीही त्यांच्यासोबत थांबलो.

उल्म म्हणजे आइन्स्टाइनचं जन्मगाव. १४ मार्च १८७९ ला तो इथं जन्मला. पण मला उल्मचा एक शिंपी जास्त आवडतो. आल्ब्रेख्ट बर्ब्लिंगर त्याचं नाव. त्यानं पंख तयार केले आणि १८११ साली डॅन्यूब नदी उडून पार करायला निघाला. थेट नदीत पडला! कोळ्यांनी बाहेर काढलं म्हणून वाचला. मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो, पण भाचीचं लक्ष मनोऱ्याकडे.

"सहा महिने सगळे एकच सांगतायत," ती म्हणाली. "तू खालीच बस. शाळेत खेळाच्या तासाला, सहलीला, इथं. निदान झोपायला तरी मला वर जाऊ दे. आणि उचलून नको. माझी मी."

आजीनं तिच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "अरे, शिडीच बदल ना. पोरीचा पाय कसा बदलणार?"

म्हणून त्या शनिवारी दुपारी आम्ही मोटारघरांच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो. किती प्रकारच्या शिड्या असतात, काय सांगू! दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी शिडी. लहान जागेत मावते, पण मिटताना बोटं चिमटतात आणि दांड्या गोलच. दोरीची शिडी. ती बघून धाकटा वेडा झाला, पण तिच्यावर चढायला सर्कशीतलाच माणूस हवा. दोन पायऱ्यांचं घडीचं स्टूल भक्कम होतं, पण बिछाना राहिला कितीतरी वर. आणि आमच्याकडे होती तशा अॅल्युमिनियमच्या तर ढीगभर. अॅल्युमिनियमच का? कारण वजन. साध्या मोटारीच्या लायसन्सवर तिकडं साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यात गाडी, पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं आलं. म्हणून मोटारघरवाले चमचासुद्धा हलका शोधतात.

दुकानातल्या बाईनं दाजींना काय विचारलं असेल? बिछाना किती उंच? दांडी किती जाड? खाली शिडीचे पाय टेकायला जागा किती? गाडीत असताना शिडी ठेवणार कुठं? आणि शेवटी, चढणार कोण? मला वाटतं हा प्रश्न खरा पहिला हवा. भाचीला बघून तिनं मान हलवली. चपट्या पायऱ्यांची एक शिडी होती, पण ती आमच्या गाडीत उभीच राहीना इतकी लांब. बाईंनी रबरी नळीचे दोन तुकडे दिले. ते दांडीवर चढवले की आकडे घट्ट बसतात. डुलणं थांबलं, हे खरं. गोल दांड्या गोलच राहिल्या. त्या रात्रीही दाजींचं उचलणं चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद असतात. सकाळी पावाच्या दुकानातून ऊन ऊन पाव मिळाले तेवढेच. संग्रहालयं मात्र उघडी. आम्ही मुक्कामाला होतो बाड वाल्डझे गावात, आणि तिथं मोटारघरांचंच संग्रहालय आहे! एर्विन ह्युमर या कारखानदाराच्या नावाचं, २०११ साली उघडलेलं. ह्युमर यांनी १९५७ मध्ये एरिख बाखेम या इंजिनियरबरोबर पहिलं मोटारीमागे ओढायचं घर बांधलं. त्या घरांचं नाव ठेवलं एरिबा. कसं? एरि-ख बा-खेम. झालं एरिबा!

पण सगळ्यात गोड गोष्ट आहे आरिस्ट डेटलेफ्स यांची. तिथून जवळच इस्नी नावाचं गाव आहे. तिथं त्यांचा चाबूक आणि स्कीच्या काठ्या करण्याचा कारखाना होता. मालाच्या ऑर्डरी घ्यायला आठवडेच्या आठवडे फिरतीवर जावं लागे. बायको फ्रीडल चित्रकार होती. तिला सोबत यायचं होतं आणि चित्रंही काढायची होती. मग १९३१ साली आरिस्टनी मोटारीमागे जोडायचं एक छोटं घरच तयार केलं. 'वोनआउटो' म्हणजे 'घरमोटार' असं त्याला नाव दिलं. ते जर्मनीतलं पहिलं कॅरॅव्हॅन समजलं जातं. घरातल्या माणसाची अडचण ओळखून केलेली वस्तू! पुढं त्याचा मोठा कारखाना झाला.

धाकटा त्या जुन्या गाड्यांच्या गोल गोल खिडक्यांवर नाक दाबून फिरत होता. भाची मात्र शिड्या बघत होती. प्रत्येक गाडीत डोकावून "मामा, ही पण गोलच," असं मला कळवत होती.

तिथून खाली कॉन्स्टन्स सरोवर. जर्मन लोक त्याला बोडनझे म्हणतात. इतकं मोठं, की एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड आणि एका टोकाला ऑस्ट्रिया. काठावर फ्रीडरिश्सहाफेन नावाचं गाव. २ जुलै १९०० ला काउंट झेपेलिन यांचं पहिलं प्रचंड विमानजहाज याच सरोवरावरून उडालं. बंदरावरच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता झेपेलिन संग्रहालय आहे. तिथं हिंडेनबुर्ग या जहाजाचा ३३ मीटरचा भाग जसाच्या तसा पुन्हा उभा केलाय. मूळ जहाज होतं २४५ मीटर लांब. १९३६ मध्ये ते उडायला लागलं आणि ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्ट इथं उतरताना जळून गेलं.

आपण त्या नकली हिंडेनबुर्गमध्ये जिना चढून शिरू शकतो. आत प्रवाशांच्या खोल्या आहेत. एवढ्याशा! आपल्या रेल्वेच्या डब्यासारखेच एकावर एक दोन बिछाने. आणि वरच्या बिछान्यावर जायला? शिडी. आकाशात उडणाऱ्या त्या जहाजातही कुणीतरी बसून विचार केला असणार की वर माणूस चढणार कसा, आणि शिडीचं वजन किती. कारण तिथं तर किलोकिलोचा हिशोब. भाची त्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होती. मागं रांग लागली तेव्हा कुठं हलली.

संध्याकाळी आम्ही सरोवराजवळच्या एका शेतकऱ्याच्या वाडीत गाडी लावली. तिकडं बरेच शेतकरी मोटारघरांना रात्रीपुरती जागा देतात. सफरचंदाचा हंगाम ऐन भरात होता. तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठी झाडं आली असतील ना? तसं नसतं. आता तिथं सफरचंदाची झाडं ठेंगणी, तारांना बांधलेली, द्राक्षाच्या मांडवासारखी ओळीत. जमिनीवर उभं राहून फळ तोडायचं. गोठ्याच्या भिंतीला मात्र जुन्या लाकडी शिड्या ओळीनं टांगलेल्या होत्या. काही तर दोन माणसं उंच, वर निमुळत्या होत गेलेल्या. पूर्वीच्या उंच झाडांच्या शिड्या.

वाडीतले आजोबा बाकावर बसले होते. दाजी पोरीला उचलून गाडीच्या कपाळात ठेवतायत, हे त्यांनी उघड्या दारातून पाहिलं. उठून आले. ताईनं सगळी कथा सांगितली. आजोबांनी आमची शिडी हातात घेतली, एका दांडीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उद्या." आज का नाही? कारण रविवार. रविवारी तिकडं करवतीचा आवाज करायचा नाही, शेजाऱ्यांची विश्रांती मोडते.

सोमवारी सकाळी त्यांनी आधी हत्यार उचललं नाही. भाचीला गोठ्याच्या दगडी जिन्याशी नेलं आणि सांगितलं, चढून दाखव. ती चढली. उजवा पाय वर, डावा शेजारी. उजवा वर, डावा शेजारी. उतरली, डावा खाली, उजवा शेजारी. आजोबा तिच्या पावलांकडे बघत होते. आतापर्यंत आम्ही सगळे शिडीकडे बघत होतो. पोरीच्या पावलांकडे इतकं नीट कुणी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी गोठ्याच्या माळ्यावरून एक शिडी काढली. नातवाच्या उंच पलंगाची होती. नातू आता कॉलेजात. लाकडी, सहा पायऱ्यांची, आणि पायऱ्या चपट्या! तळहातभर रुंद फळ्या. दोन्ही पावलं शेजारी-शेजारी आरामात मावणार.

आता गणित. वही-पेन्सिल घ्या. आमच्या गाडीच्या जमिनीपासून बिछान्याची कड १३८ सेंटिमीटर उंच. जुन्या शिडीला चार दांड्या, म्हणजे वर पोचायला पाच टप्पे. १३८ भागिले ५, बरोबर २७.६. प्रत्येक टप्पा साडेसत्तावीस सेंटिमीटरहून जास्त! पाच पायऱ्या केल्या तर टप्पे होतात सहा. १३८ भागिले ६, बरोबर २३. फरक फक्त साडेचार सेंटिमीटरचा. पण ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला विचारा साडेचार सेंटिमीटर म्हणजे काय ते. तुमच्या घरी माळ्यावर चढायची शिडी असेल (कोकणात असाल तर निसण म्हणत असाल), तिचे टप्पे मोजा, आणि मग जिन्याची एक पायरी मोजा. जिना सोपा का वाटतो ते लगेच कळेल.

दुसरं गणित उताराचं. भिंतीला टेकवायच्या शिडीचा एक जुना ठोकताळा आहे. चार हात उंच जायचं तर शिडीचा पाय भिंतीपासून एक हात लांब. म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन. याहून उभी असेल तर माणूस मागं कलंडतो, फार आडवी असेल तर शिडीचा पाय सरकतो. आमच्या गाडीत टेबल आणि पुढच्या सीटांच्या मधे ४६ सेंटिमीटर जागा मिळत होती. १३८ ला ४६, म्हणजे तीनाला एक. थोडी जास्त तिरकी, पण वरच्या आकड्यांनी शिडी धरून ठेवलेली, त्यामुळं सरकायची भीती कमी. आणि जितकी तिरकी तितकी ती जिन्यासारखी. भाचीनं कंपासपेटीतून कोनमापक आणलं. एकाहत्तर आणि बहात्तरच्या मधे कुठंतरी. आजोबांनी सुताराची जाड पेन्सिल तिच्याच हातात दिली. शिडीचे पाय कुठं कापायचे ती रेघ तिनं मारली.

कापायचे तिरके, बरं का! शिडी तिरकी उभी राहणार, म्हणून पायही त्याच कोनात कापले तर पूर्ण जमिनीला टेकतात. सरळ कापले तर नुसती टोकं टेकतील. सगळ्यात खालची पायरी गेली, पाच उरल्या. शिडी उभी करून आजोबांनी पायरीवर एक पट्टी ठेवली. तिच्या काचेच्या नळीत द्रव, द्रवात बुडबुडा. "हे काय म्हणतात तुमच्यात?" आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, आमचे गवंडी पाणसळ म्हणतात. भाची ओरडली, "मामा, यांच्यात वासरवागं म्हणतात! वासर म्हणजे पाणी, आणि वागं म्हणजे तराजू!" म्हणजे दोन्ही भाषांना त्यात आधी पाणीच दिसलं. बुडबुडा मधोमध येत नव्हता. पायऱ्या किंचित पुढं झुकत होत्या, कारण पूर्वीच्या पलंगाला शिडी वेगळ्या कोनात उभी असायची. आजोबांनी प्रत्येक पायरीचे स्क्रू ढिले केले, पायरी कणभर फिरवली, बुडबुडा मधे आला की पुन्हा आवळले. पाच पायऱ्या, अर्धा तास.

आकडे करताना त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. लोखंडी पट्टीचे दोन आकडे वाकवले, आतून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, पण ते शिडीच्या अगदी टोकाला ठोकले नाहीत. टोकापासून वीतभर खाली ठोकले. त्यामुळं शिडीचे दोन्ही खांब बिछान्याच्या कडेच्या वर वीतभर डोकावायला लागले. कशाला? धरायला! शिडीवर अवघड जागा शेवटच्या पायरीच्या नंतर येते. पाय पायरीवर, अंग अर्धं बिछान्यात, आणि हाताला धरायला काही नाही. रात्री झोपेत उतरताना तर पहिली पायरी दिसतही नाही. तेव्हा हे दोन खांब धरायचे, शिडीकडे तोंड करायचं आणि दुखरा पाय आधी सोडायचा.

उरलेल्या ट्यूबचे तुकडे शिडीच्या पायांना लागले. मग आजोबा स्वतः चढले आणि तिसऱ्या पायरीवर दोनदा उड्या मारल्या. शिडी हूं की चूं करेना. नंतर दाजी चढले. मग भाची.

उजवा वर, डावा शेजारी. पाच वेळा. कुणी हात लावला नाही, पण सगळ्यांचे हात अर्धे पुढं आलेले. वर पोचल्यावर तिनं जाळीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "मामा, माझं पुस्तक दे." बस्स. एवढंच!

आजोबांनी पैसे घेतले नाहीत. आजीनं बेसनाचे लाडू दिले, ते घेतले. त्यांच्या बोलीत प्रत्येक लाडक्या गोष्टीला 'ले' लावतात. शिडीला जर्मनमध्ये लायटर म्हणतात, तर ही झाली लायटर्ले, शिडुकली! (गंमत म्हणजे पुढाऱ्यालाही जर्मनमध्ये लायटरच म्हणतात.) "तुमच्या भाषेत काय?" त्यांनी विचारलं. भाचीनं त्याच जाड पेन्सिलीनं शिडीच्या खांबावर लिहिलं : शिडी. आजोबांनी चष्मा लावून ती अक्षरं नीट बघितली आणि विचारलं, "यात पायऱ्या कुठल्या?"

ही शिडी अॅल्युमिनियमच्या शिडीपेक्षा बरीच जड होती. दाजींनी हिशोब केला आणि पाण्याच्या टाकीत थोडं पाणी कमी भरलं. गाडी परत देताना त्यांची शिडी त्यांना दिली, आमची आम्ही ठेवली. आता ती ताईच्या घरी पुस्तकांच्या उंच कपाटाला लावलेली आहे.

पण मला सांगायची आहे ती सोमवारची रात्र. सरोवराच्या काठी मुक्काम होता. ताई म्हणाली, "मला आज झोप लागायची नाही." आणि उशीवर डोकं टेकल्यावर पाच मिनिटांत घोरायला लागली. दोन रात्रींचं जागरण होतं ना! दाजीही गाढ झोपले. मी भाचीच्या शेजारीच वर होतो, पण मलाही थेट उजाडल्यावर जाग आली.

सकाळी ताई दचकून उठली. "अगं, रात्री उठली नाहीस का तू?"

"दोनदा," भाची म्हणाली आणि पावाला लोणी लावायला लागली.